खुडूक कोंबडीची उपयुक्तता : चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेशातील असील व गावठी पक्ष्यांची पैदास

पशुपालनशास्त्रात 'उपयुक्त वाण' हा शब्दप्रयोग फार सैलपणे केला जातो. शोभेसाठी, उडविण्यासाठी अथवा झुंजीसाठी पाळलेल्या पक्ष्यांपासून मांस व अंडी देणारे पक्षी वेगळे ओळखता यावेत, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. पुढे वर्षाकाठी अंडी किती, अमुक आठवड्यांत वजन किती, अशा एक-दोन आकड्यांवर उपयुक्तता मोजण्याची रीत पडली. आणि ती मोजताना पक्षी कोणाच्या अंगणात वाढावयाचा आहे, हा प्रश्न मागे पडला. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील कोंबडीचा विचार करताना तो टाळता येत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या प्रदेशात कोंबडीचा पहिला उपयोगी गुण म्हणजे तिचे खुडूक बसणे होय. अंड्यांची संख्या व अंगाचे वजन हे त्याच्या मागून येतात, आणि पैदाशीचे जे धोरण हा क्रम उलटा करते ते येथे तोट्याचे ठरते.

हा मुद्दा प्रथम कबुतराच्या उदाहरणाने मांडणे सोयीचे होईल, कारण कबुतराच्या बाबतीत तो वादातीत आहे. दक्षिण चीनमधील ग्वांगदोंग प्रांतात चुंगशान नावाचा भाग आहे. डॉ. सन् यत्-सेन यांची ही जन्मभूमी. १९२५ साली त्यांच्या मृत्यूनंतर तिला त्यांच्या स्मरणार्थ हे नाव देण्यात आले. येथील असंख्य लोक पोटापाण्यासाठी समुद्रापार गेले आणि परतताना त्यांच्यापैकी काहींनी मोठ्या अंगाची परदेशी कबुतरे बरोबर आणली. स्थानिक कबुतरांशी त्यांचा संकर होऊन विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील शीछी या नगराच्या नावाने ओळखले जाणारे मांसल वाण सिद्ध झाले. त्याचा पूर्ण वाढलेला नर सुमारे पाऊण किलो भरतो, आणि पिल्लू घरट्यातून उडण्यापूर्वीच, जेमतेम चार आठवड्यांत, विक्रीस योग्य होते.

या वाणाच्या निर्मात्यांनी आकार वाढविला, छाती भरदार केली. परंतु एका गुणाला हात लावणे त्यांना शक्य नव्हते. कबुतराची मादी दोन अंडी घालते, नर व मादी आळीपाळीने सतरा-अठरा दिवस ती उबवितात, आणि बाहेर पडणारे पिल्लू आंधळे, जवळजवळ उघडे व सर्वस्वी परावलंबी असते. पहिले काही दिवस ते केवळ आईबापांच्या अन्नपुटात स्रवणाऱ्या दह्यासारख्या पदार्थावर जगते. यालाच कपोतदुग्ध म्हणतात, आणि ते मादीइतकेच नरही देतो. आज चीनमधील मोठ्या कबुतरखान्यांत अंडी यंत्रात उबवून एका जोडप्याकडे तीन-तीन, चार-चार पिल्ले सोपविण्याची पद्धत रूढ आहे. पण भरविण्याचे काम अखेर जोडप्यालाच करावे लागते. सारांश, अपत्यपालनाची प्रवृत्ती गमावलेले कबुतराचे वाण कितीही मांसल असले तरी एका पिढीत संपेल. कबुतर पाळणाऱ्याला ही गोष्ट शिकवावी लागत नाही.

कोंबडीची गोष्ट वेगळी आहे. तिचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडताच डोळे उघडून चालू लागते व दाणे टिपते. त्यामुळे आईवाचून त्याचे भागविता येते, आणि माणसाने ते भागविलेही. अंडी उबविण्याची यंत्रे सर्वत्र झाल्यावर खुडूक बसणे हा दोष ठरला, कारण खुडूक कोंबडी तितके दिवस अंडी देत नाही. पांढऱ्या लेगहॉर्नसारख्या वाणांत हा 'दोष' निवडीने जवळजवळ नाहीसा करण्यात आला. येथे शरीरशास्त्रातील एक वस्तुस्थिती ध्यानात घेण्याजोगी आहे. कबुतराच्या अन्नपुटात दुग्ध निर्माण करणारा पीयूषिका ग्रंथीचा स्राव ऑस्कर रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० नंतरच्या वर्षांत वेगळा ओळखला आणि त्यास प्रोलॅक्टिन हे नाव दिले. त्यानंतर थोड्याच काळात, अंडी देणाऱ्या कोंबडीला तोच स्राव टोचला असता ती खुडूक होते, असेही त्यांनी दाखविले. म्हणजे कपोतदुग्ध व खुडूकपणा यांच्या मुळाशी एकच रसायन आहे. कबुतरात ज्याला हात लावता येत नाही तेच कोंबडीत आपण काढून टाकले. आणि हे काढून टाकणे ज्या घरी वीज, यंत्र व विकतचे खाद्य आहे त्या घरी योग्यही होते.

आता गडचिरोलीकडे वळू. १९८२ पर्यंत हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता, आणि चंद्रपूरही १९६४ पर्यंत चांदा म्हणून ओळखले जाई. गडचिरोलीचे सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्र वनाखाली आहे. भात हे मुख्य पीक. त्याला मोह, तेंदूपान व बांबू यांची जोड. एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची या भागांतील माडिया व गोंड कुटुंबांच्या अंगणात पाच-दहा कोंबड्या असतात, आणि त्यांचा उपयोग अंड्यांसाठी जवळजवळ नसतो. अंडे हे येथे खाण्याची वस्तू नसून पिल्लाचे बीज आहे. पिल्लू मोठे झाले म्हणजे त्याचे तीन मार्ग असतात : पाहुण्याचे जेवण, आठवडी बाजारातील रोख पैसा आणि देवाचा नैवेद्य. पंडुमांच्या वेळी पेनाला कोंबडी लागते, आणि तिचा रंग कोणता असावा याला महत्त्व असते. पलीकडच्या बस्तरमधील माडियांविषयी ग्रिग्सन यांनी १९३८ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पिल्लाने तांदूळ टिपले की नाही यावरून कौल घेण्याची चाल वर्णिलेली आहे. एकाच रंगाच्या पांढऱ्या 'सुधारित' पक्ष्यांचा कळप अशा घरी अर्धा निरुपयोगीच होय. सुधारणेच्या योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात ही बाब क्वचितच येते.

या प्रदेशातील सगळ्याच कोंबड्या असील नव्हेत. बहुसंख्य पक्षी गावठी, मिश्र रक्ताचे असतात. परंतु उंच पाय, ताठ मान, आखूड चोच व वाटाण्यासारखा बसका तुरा ही असीलाची लक्षणे त्यांत कमी-अधिक प्रमाणात उतरलेली दिसतात. त्यात आश्चर्य नाही. असीलाचे मूळ क्षेत्र म्हणून छत्तीसगड, ओडिशा व आंध्र यांच्या सीमेवरील जो आदिवासी पट्टा मानला जातो, त्याला गडचिरोलीची दक्षिण-पूर्व बाजू लागूनच आहे. इंद्रावती ओलांडली की बस्तर, सिरोंच्याजवळ प्राणहिता वा गोदावरी ओलांडली की तेलंगण. पक्षी बाजारातून बाजारात फिरतात आणि राज्यांच्या सीमा त्यांना ठाऊक नसतात.

'असील' हा शब्द अरबी. त्याचा अर्थ शुद्ध, कुलीन. वाण झुंजीसाठी जोपासले गेले हे उघड आहे. प्राण्यांच्या झुंजीवर लावलेल्या पणास मनुस्मृतीत 'समाह्वय' अशी वेगळी संज्ञा आहे आणि वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत कोंबड्यांच्या झुंजीचा समावेश होतो, यावरून ही आवड किती जुनी आहे ते कळते. गडचिरोलीत या प्रकाराला 'कोंबडबाजार' म्हणतात. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांच्या झुंजी लावणे हा गुन्हा आहे, आणि येथील कोंबडबाजारांवर पोलिसांच्या धाडी पडत असतात. झुंजीचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. परंतु एक गोष्ट मान्य करावी लागते : ज्या शौकाने नराची निवड झाली, त्याच शौकाने त्याच्या आईचीही निवड झाली. झुंजार नर हवा तर पिल्ले जगली पाहिजेत, म्हणून असील मादीचे दोन गुण जपले गेले. एक, एकवीस दिवस अंड्यांवरून न हलणे. दुसरा, शिक्रा, मुंगूस व रानमांजर यांच्यावर धावून जाणे. रानाच्या कडेला वसलेल्या घरी दुसऱ्या गुणाचे मोल पहिल्याहून कमी नाही.

असील वर्षाला साधारणपणे तीस-चाळीसच अंडी देते. ग्रंथांतरी तिच्या नराचे वजन चार ते पाच व मादीचे तीन ते चार किलो दिलेले असते. गावातले पक्षी त्याहून बरेच हलके असतात. या वाणाला मागास म्हणणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे की, एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतात असीलाच्या संकरातून जे कॉर्निश वाण निघाले, त्याच्याच वंशावर जगातील आजच्या ब्रॉयलरची नर बाजू उभी आहे. अहेरीच्या बाजारात पिंजऱ्यातून येणारी पांढरी कोंबडी व शेजारी पायाला दोरी बांधून ठेवलेला लाल कोंबडा हे दूरचे आप्त आहेत.

वंशाच्या या कथेत आणखी एक धागा याच भूमीचा आहे. पाळीव कोंबडी तांबड्या रानकोंबडीपासून उतरली हे मत डार्विनने १८६८ साली मांडले आणि ते मुख्यतः खरे ठरले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्या रानकोंबडीच्या नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व ब्रह्मदेश येथील उपजातीकडे बोट दाखविले आहे. परंतु पिवळी कातडी व पिवळे पाय देणारा जनुक त्या वंशातला नव्हे. तो भारतीय द्वीपकल्पातील करड्या रानकोंबडीकडून आला, असे २००८ साली दाखविण्यात आले. या दोन रानकोंबड्यांच्या सीमा मध्य भारतात, गोदावरीच्या आसपास, एकमेकींस भिडतात.

आता पैदाशीचा प्रत्यक्ष व्यवहार. गावठी वा असील मादी सामान्यतः वर्षाला तीन वेळा अंड्यांना येते. एका खेपेस दहा-बारा अंडी घालते व खुडूक होते. मुख्य अडचण उन्हाळ्याची आहे. अंड्यातील गर्भाची वाढ सुमारे २० ते २५ अंश सेल्सिअसच्या खाली थांबलेली असते; म्हणूनच पहिले व बारावे अंडे यांत दोन आठवड्यांचे अंतर असूनही पिल्ले एकाच दिवशी निघतात. चंद्रपुरास मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. अशा उष्म्यात घरात साठविलेल्या अंड्यातील गर्भ कोंबडी बसण्यापूर्वीच अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. म्हणून उन्हाळ्यातील अंडी खाण्यात वा विक्रीत घालावीत आणि भाताच्या कापणीनंतरच्या खेपेवर भर द्यावा. त्या दिवसांत खळ्यावर दाणा व शेतात कीटक असतात, रात्री थंड असतात. उन्हाळ्यात बसवावयाचेच असेल तर ओल्या रेतीवर मडके ठेवून त्यात अंडी साठवावीत व आठवड्याहून जुने अंडे बसवू नये.

कोंबडी बसल्यानंतरचा काळ तिच्यावर सोपविण्यास हरकत नाही. खरा नाश पिल्ले निघाल्यावर होतो. एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. तीन खेपांची छत्तीस अंडी बसविली. प्रत्येक खेपेस नऊ पिल्ले निघाली, म्हणजे वर्षाला सत्तावीस. त्यांपैकी तिसरा हिस्सा जगला, म्हणजे नऊ. आता खेपेस बाराऐवजी पंधरा अंडी मिळवून देणारे वाण आणले आणि बाकी सर्व तसेच राहिले, तर जगलेल्या पिल्लांत केवळ दोनाची भर पडते. उलट वाण तेच ठेवून पिल्लांपैकी दोन-तृतीयांश जगविली, तर नवाची अठरा होतात. आणि शंभर अंडी देणारी पण खुडूक न बसणारी कोंबडी आणली, तर पुढच्या पिढीचा आकडा शून्य येतो. दर खेपेस पिल्ले विकत आणावी लागतात. बल्लारपूर, चंद्रपूर, ब्रह्मपुरी अशा नगरांच्या जवळपास, जेथे अंड्याला रोजचे गिऱ्हाईक आहे व पिल्ले मोटारीने पोहोचतात, तेथे हैदराबादच्या संशोधन संस्थेने काढलेले वनराजासारखे वाण पाळणे शहाणपणाचे आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पावसाळ्यात ज्या गावांचा नाल्यांमुळे संपर्क तुटतो त्यांच्यासाठी मात्र हा हिशेब जुळत नाही.

पिल्ले मरतात ती दोन कारणांनी. शिकारी पक्षी व प्राणी हे पहिले. त्यावर उपाय साधा आहे : पहिले तीन-चार आठवडे आईसह पिल्ले बांबूच्या डालग्याखाली ठेवावीत, तेथेच तांदळाची कणी व वारुळातील वाळवी खाऊ घालावी. वाळवी हा पिल्लांना प्रथिने देणारा उत्तम आहार आहे आणि तो येथील लोकांना आम्ही सांगावा असे नाही. ते तो पूर्वीपासून देतात. याचा आणखी एक लाभ होतो. सामान्यतः आई आठ-दहा आठवडे पिल्लांत गुंतून राहते. चौथ्या आठवड्यात पिल्ले वेगळी केली तर ती लवकर पुन्हा अंड्यांना येते आणि वर्षाकाठी एक खेप वाढू शकते. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवून सर्व पिल्ले रात्रीच्या अंधारात एकीच्या पंखाखाली सारावीत. पहिल्या एक-दोन दिवसांत ती त्यांचा स्वीकार करते व दुसरी मोकळी होते. म्हणजे खुडूकपणा न गमावता अंडी वाढविण्याचा मार्ग आहे, आणि तो वाणात नसून व्यवस्थेत आहे.

दुसरे कारण मानमोडी, म्हणजेच राणीखेत. १९२६ साली जावा व इंग्लंडमध्ये आणि त्यानंतर लवकरच कुमाऊंतील राणीखेत येथे ओळखला गेलेला हा विषाणुजन्य रोग एका आठवड्यात गावातील खुराडी रिकामी करतो. मुक्तेश्वर येथे १९४० नंतरच्या दशकात सिद्ध झालेली लस मोठ्या पक्ष्यांना चांगले संरक्षण देते. लहान पिल्लांना ती मानवत नाही, त्यांच्यासाठी लासोटा वा 'एफ' ही सौम्य लस डोळ्यांत वा नाकात थेंब टाकून द्यावी लागते. अडचण लशीच्या गुणाची नसून बर्फाची व मापाची आहे. एका कुपीत शंभर वा अधिक मात्रा असतात, घरात पक्षी आठ. आणि कुपी एकदा फोडल्यावर काही तासांतच संपवावी लागते. म्हणून संपूर्ण गावाने एकच दिवस ठरविल्यावाचून लसीकरण होत नाही. ऑस्ट्रेलियात तयार झालेली उष्णता अधिक सोसणारी 'आय-२' ही लस आफ्रिकेतील खेड्यांत याच अडचणीवर वापरली गेली आहे. आपल्या विद्यार्थ्यांना या भागात उपयुक्त संशोधन करावयाचे असेल तर विषय शोधण्यास दूर जावे लागणार नाही.

आता राहिला नराचा प्रश्न. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेपासून आपल्याकडे कुक्कुटविकासाची जी केंद्रे निघाली त्यांच्या विचारसरणीत उत्तम विदेशी नर खेड्यात देऊन गावठी कळप 'उन्नत' करणे हे सूत्र महत्त्वाचे होते. त्यातील धोका आनुवंशिकतेच्या दृष्टीने स्पष्ट आहे. खुडूकपणाचे जनुक नर व मादी दोघेही वाहतात, पण नर कधी अंड्यांवर बसत नाही. म्हणून त्याच्या अंगी काय आहे व काय नाही ते बाहेरून दिसत नाही. खुडूक न बसणाऱ्या वंशाचा नर अंगणात आला की पुढील पिढीच्या प्रत्येक मादीचा अर्धा वारसा त्याच्याकडून येतो. पहिल्या पिढीत अंडी वाढतात व सारे समाधानी होतात. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत अंडी घालून उठून जाणाऱ्या माद्या दिसू लागतात, तोवर मूळचा नर कोणाच्या तरी ताटात गेलेला असतो. लेगहॉर्नमध्ये हा गुण घालविण्यासाठी कुशल पैदासकारांना दीर्घकाळ झटावे लागले. उलट दिशेने तो परत आणण्याचे काम खेड्यात कोणी करील, ही आशा व्यर्थ आहे.

यावर पर्याय म्हणून बाहेरचा नरच नको असे म्हणणे मात्र अतिरेकाचे होईल. लहान गावात आठ-दहा माद्यांमागे एक नर असतो, आणि असीलाच्या भांडखोर स्वभावामुळे दोन नर मोकळे ठेवताही येत नाहीत. त्यामुळे दोन-तीन वर्षांत बाप व मुलींचा संबंध येऊ लागतो. शिवाय सर्वांत वेगाने वाढलेला कोंबडा भाव चांगला येतो म्हणून सर्वांआधी विकला जातो आणि मागे राहतात ते किडकिडीत नर वंश चालवितात. ही उलटी निवड सर्वत्र दिसते. तेव्हा नर बदलावा, पण तो शेजारच्या खोऱ्यातील गावठी वा असील कळपातून घ्यावा, आणि त्याची निवड त्याच्या अंगाकडे पाहून न करता त्याच्या आईकडे पाहून करावी. जिने मागील दोन खेपांत बसविलेल्या अंड्यांपैकी बहुतेक उबविली आणि दोन महिन्यांअंती सर्वाधिक पिल्ले जिवंत राखली, तिचाच मुलगा ठेवावा, बाकीचे विकावेत. पूर्व घाटातील आदिवासी भागांत अशी नामांकित मादी अर्धेलीने देण्याची चाल आढळते : पाळणाऱ्याने पिल्लांतील निम्मा वाटा मालकास द्यावयाचा. ज्याच्या घरी कोंबडी नाही त्याला ती मिळते, आणि चांगल्या आईचा वंश आपोआप गावभर पसरतो.

आईवरून मुलगा निवडावयाचा तर पिल्लू कोणाचे हे ओळखता आले पाहिजे. त्यासाठी वहीची गरज नाही. पिल्लू एक-दोन दिवसांचे असताना त्याच्या पायाच्या बोटांमधील पातळ पडद्याला दाभणाएवढे छिद्र पाडतात. दोन्ही पायांचे मिळून असे चार पडदे आहेत, आणि कोणत्या पडद्याला छिद्र आहे व कोणत्याला नाही यावरून सोळा निरनिराळ्या खुणा होतात. एका पाड्यावरील सोळा माद्यांची पिल्ले त्यातून वेगळी ओळखू येतात. छिद्र पुरते पाडून कातडीचा तुकडा काढून टाकावा, नाहीतर ते भरून येते.